सुपारी फुटली म्हणजे नक्की काय झालं?

या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय. ज्यांना बसमध्ये ऐकू येत नाही, त्यांनी वाचा. ज्यांनी ऐकलंय, त्यांनीही वाचा, कारण बोलताना सुटलेल्या दोन-चार गोष्टी इथे घातल्यात.

आजचा विषय लग्नाचा आहे, पण लग्नाच्या आधीचा. लग्न ठरतं कसं? म्हणजे प्रोफाइल मॅच होणं, पत्रिका जुळणं, कांदेपोहे वगैरे नाही. नेमका तो क्षण, ज्याच्या आधी दोन घरं अनोळखी असतात आणि ज्याच्यानंतर व्याही होतात. त्या क्षणी काय घडतं?

मराठीत त्यासाठी वापरतो ते शब्द जरा एका ओळीत ठेवून बघा. मुलीला ‘मागणी’ घालतात. मग लग्नाची ‘बोलणी’ होतात. कुणी काय करायचं याची ‘बोली’ होते. मुलीचा बाप ‘शब्द’ देतो. भटजी ज्याला ‘वाङ्निश्चय’ म्हणतात, त्याचा अर्थ वाणीने केलेला निश्चय. मुस्लिम घरांत ‘मंगनी’, तीही मागण्यावरूनच. एकही शब्द कागदाचा नाही की अंगठीचा नाही. सगळे तोंडाचे आहेत. आपल्याकडे लग्न जमतं ते बोलून जमतं, आणि ते बोलणं कसंही चालत नाही. कुणी बोलायचं, कुणासमोर, कोणत्या क्रमाने आणि शेवट कशाने करायचा, हे ठरलेलं असतं.

आता बोलणं म्हणजे हवा. हवेवर एवढा मोठा व्यवहार कसा काय उभा राहतो? आजचा भाग याच प्रश्नावर आहे.

सिंदखेडची होळी

सुरुवात करू एका गोष्टीपासून, जी तुम्ही शाळेत ऐकली असेल. फक्त आज ती जरा वेगळ्या कोनातून बघा.

स्थळ सिंदखेड, आताचं बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेडराजा. लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मोठे सरदार. वेरूळचे मालोजी भोसले त्यांच्या मानाने लहान. होळीचा सण, वाड्यात सगळी मंडळी जमलेली. लखुजींची लहानगी जिजा आणि मालोजींचा लहानगा शहाजी एकमेकांवर रंग उडवत होते. लखुजी कौतुकाने हसत बोलून गेले, की जोडा काय छान शोभतोय! त्यासरशी मालोजी उभे राहिले आणि भरल्या सभेला म्हणाले, की मंडळी, ऐकलंत ना? जाधवराव आजपासून आमचे व्याही झाले.

लखुजी गप्प. घरात म्हाळसाबाई संतापल्या. दुसऱ्या दिवशी लखुजींनी जेवणाचं आमंत्रण धाडलं, तर मालोजींचा निरोप आला की सोयरीक मान्य करत असाल तरच येतो. तिथून वितुष्ट आलं. पुढे मालोजींना निजामशाहीत मनसब मिळाली, तोलामोलाचा प्रश्न मिटला आणि मग लग्न झालं.

ही गोष्ट बखरींमधून येते. जेम्स ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती सांगितली आणि होळीचं साल दिलं १५९९. बखरी घटनेनंतर फार उशिरा लिहिलेल्या आहेत, शहाजीराजांच्या जन्मसालावरच इतिहासकारांचे मतभेद आहेत, त्यामुळे प्रसंग जसाच्या तसा घडला असं कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. पण माझ्या दृष्टीने गंमत वेगळीच आहे. समजा, गोष्ट नंतर रचलेली आहे. तरी ज्यांनी ती रचली, सांगितली आणि ऐकली, त्या सगळ्यांना ती पटली! म्हणजे भरल्या सभेत मोठ्या माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य थट्टेतलं असलं तरी बांधून टाकू शकतं, ही कल्पना त्या समाजाला अजिबात विचित्र वाटत नव्हती.

मालोजींचा डाव नीट बघा. त्यांनी लखुजींशी वाद घातला नाही. ते वळले सभेकडे. ‘ऐकलंत ना?’ हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण शब्द दिला जातो एकाला, पण तो टिकतो ऐकणाऱ्यांच्या जिवावर.

ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डमध्ये याच विषयावर व्याख्यानं दिली. त्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये आलं. त्याचं म्हणणं साधं होतं. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती काम करतात. ‘पाऊस पडतोय’ हे वाक्य खरं किंवा खोटं असू शकतं. ‘मी शब्द देतो’ हे खरं-खोटं नसतं, ते म्हटलं की काम झालं. पण त्यासाठी अटी आहेत. रीत सर्वांना मान्य असली पाहिजे, बोलणारा माणूस योग्य असला पाहिजे, प्रसंग योग्य असला पाहिजे. आणि ऑस्टिन म्हणतो, थट्टेत किंवा नाटकात उच्चारलेलं धरायचं नाही. सिंदखेडचं भांडण नेमकं याच शेवटच्या अटीवर होतं. लखुजींच्या मते ती थट्टा होती. मालोजींच्या मते सभा भरली होती, म्हणजे प्रसंग पुरा होता.

उमरग्याच्या पलीकडचा निकाल

आता अजून मागे जाऊ. शांखायन गृह्यसूत्र हा वैदिक काळाच्या उत्तरार्धातला घरगुती विधींचा ग्रंथ. त्यात मुलीला मागणी घालायला गेलेल्यांनी काय करायचं ते सांगितलंय. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसायचं, गोत्रं मोठ्याने उच्चारायची आणि दोघांनाही पसंत असेल तर फुलं, लाह्या, फळं, जव आणि सोनं घातलेल्या भरल्या पात्राला हात लावायचा. म्हणजे आधी बोलणं आणि मग एका वस्तूला हात. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे सुपारीजवळ तो परत भेटणार आहे.

पण शब्द देऊन माणूस फिरला तर? याचं उत्तर आपल्या फार जवळ लिहिलं गेलंय. उमरग्यावरून पुढे जाऊन राज्याची हद्द ओलांडली की बसवकल्याण लागतं. चालुक्यांची ती राजधानी. सहावा विक्रमादित्य, ज्याची कारकीर्द १०७६ ते ११२६, त्याच्या काळात तिथे विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे इंग्रजी अमदानीत बंगालकडचा भाग सोडला तर जवळपास अख्ख्या देशात हिंदू कायदा म्हणून हाच ग्रंथ चालला.

याज्ञवल्क्य म्हणतो, कन्या एकदाच दिली जाते. देऊन परत घेणाऱ्याला चोरासारखी शिक्षा. आणि त्याच श्लोकात पुढे लगेच म्हणतो, की पहिल्यापेक्षा चांगला वर आला तर दिलेलीही परत घ्यावी! वाचून आपण चक्रावतो. विज्ञानेश्वर इथे गाठ सोडवतो. तो सांगतो, ही सूट सातवं पाऊल पडायच्या आधीपर्यंतच. म्हणजे शब्द हा शब्द आहे, लग्न हे लग्न आहे, आणि दोन्हींच्या मध्ये सप्तपदीची रेघ आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ बघा. सप्तपदीने लग्न होत असेल तिथे सातव्या पावलाला ते पूर्ण होतं, असं तिथेही लिहिलंय.

पण शब्द मोडणं फुकट नव्हतं. याच स्मृतीच्या व्यवहाराच्या भागात येतं, की सबळ कारणाशिवाय ठरलेली मुलगी परत घेणाऱ्याला दंड आणि समोरच्याचा झालेला खर्च व्याजासकट. व्याजासकट!

आणि १८७० साली मुंबई उच्च न्यायालयासमोर हाच पेच आला. उमेद किका विरुद्ध नगीनदास नरोत्तमदास. वाङ्निश्चय झालाय, तर कोर्टाने लग्न लावून द्यावं का? कोर्टाचं उत्तर ‘नाही’. वाङ्निश्चय म्हणजे लग्न नव्हे, जबरदस्तीने लग्न लावता येणार नाही, नुकसानभरपाई मागता येईल. कल्याणच्या पंडिताने आखलेली रेघ मुंबईच्या साहेबाने जवळपास तशीच ठेवली. ती रेघ कुणाच्या भल्याची होती, ते जरा वेळाने बघू.

ढाळजेतली बैठक

ग्रंथ झाले, आता गावात या. माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण जिथे आहे तेच माकणी. माझ्या आईकडची निम्मी मंडळी तिथली, त्यामुळे लग्नाच्या बैठका मी लहानपणापासून बघत आलोय.

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना उंच ओटा असायचा, वर छत, समोर अंगण. ती ढाळज. पाव्हणे तिथे बसायचे. पलीकडे माजघर, तिथे बायका. बैठक म्हणजे ढाळजेतलं बोलणं आणि माजघरातलं ऐकणं.

गंमत म्हणजे बैठकीत मुलीचा बाप फारसा बोलत नाही. मुलाचा बापही नाही. बोलतो मध्यस्थ, किंवा दोन्हीकडचा एक-एक जाणता माणूस. बहुतेक वेळा मामा किंवा चुलता, कधी सरपंच, कधी निवृत्त गुरुजी. सुरुवात कधीच लग्नाने होत नाही. पाऊस कसा झाला, सोयाबीन किती निघालं, धरणात पाणी किती आहे, तुमच्याकडच्या अमक्यांची तब्येत कशी आहे. या गप्पांत दोन्ही घरांची शेती, पाणी आणि नातीगोती समोर येतात, कुणी काहीही न विचारता. चहा होतो. मग कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, ‘‘मंडळी, दोन्हीकडची माणसं जमलीत. मग विषयाला हात घालायचा का?’’

त्या वाक्यानंतर आवाज बदलतो. तीच माणसं आता ‘‘मुलीकडच्यांनी बोलावं’’, ‘‘मुलाकडच्यांचं काय म्हणणं आहे’’ असं बोलायला लागतात. सख्खा मामा समोर बसलेला असतो, तरी त्याला ‘मुलीकडचे’ म्हणायचं. कारण आता तो मामा नसतो, तो पक्ष असतो. कुणी चिडलं तर ते त्या पक्षावर चिडतं, मामावर नाही. बोलणं फिसकटलं तरी घरी जाताना माणसं एकमेकांना रामराम करू शकतात. हा या तिऱ्हाईत भाषेचा मोठा उपयोग.

मग देणं-घेणं, मानपान, लग्न कुणाच्या दारात, जेवण कुणाचं, कापड कुणाचं. एकेक गोष्ट मोठ्याने. आणि शेवटी ते वाक्य, जे मी बहुतेक बैठकीत थोड्याफार फरकाने ऐकलंय: ‘‘कुणाचं काही राह्यलंय का? आत्ताच बोला. मागनं कुरकूर नको.’’

मी कामाला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मला टू-फेज कमिट आठवतं. दोन वेगळ्या डेटाबेसमध्ये एकच व्यवहार नोंदवायचा असेल तर आधी सगळ्यांना विचारतात, ‘तयार आहात?’ सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं तरच दुसऱ्या फेरीत पक्कं करतात. एकानेही ‘नाही’ म्हटलं तर सगळंच रद्द. ‘कुणाचं काही राह्यलंय का’ ही पहिली फेरी. आणि त्यानंतरच्या शांततेत अडकित्त्याचा जो आवाज येतो, ती दुसरी फेरी.

सुपारी फुटली.

सुपारीच का? मला सुचतं ते असं, की फोडलेली सुपारी परत जोडता येत नाही. बोललेलं कुणी नाकारू शकतं, फुटलेली सुपारी नाकारता येत नाही. शिवाय ती सगळ्यांना वाटतात. पानात घालून ज्याने तोंडात टाकली, तो साक्षीदार झाला. शब्द ज्याने ऐकला त्याने तो जणू खाल्लाही. शांखायनात भरल्या पात्राला हात लावायचा, आपल्या ढाळजेत सुपारी फोडायची. बोलणं आधी, वस्तू नंतर. आणि दरबारात मोहिमेचा ‘विडा उचलणे’ हाही याच घराण्यातला. अफजलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलला म्हणतात, तेव्हा त्यानेही पानसुपारीवर शब्दच दिला होता. मुंबईच्या गुंडांनी ‘सुपारी’ हा शब्द नंतर पळवला, पण अर्थ तोच ठेवला. काम घेतलं, आता माघार नाही.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे या भागात भूकंप झाला. सास्तूर, किल्लारी हे सगळे याच टापूतले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं झोपेतल्या माणसांवर पडली. हजारो माणसं गेली. पुढे पन्नासच्या वर गावं नव्या जागेवर वसवली गेली. नवी घरं मजबूत झाली, ओळीत आली. त्यांना ढाळज नव्हती. बैठक मग देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात, दारापुढच्या मांडवात गेली. तरीही ‘‘विषयाला हात घालायचा का’’ हे वाक्य टिकलं. भिंती पडल्या, रीत नाही पडली.

एकट्या आपलीच रीत नाही

माकणीपासून कर्नाटक लांब नाही. कन्नडमध्ये साखरपुड्याला ‘निश्चितार्थ’ म्हणतात, तेलुगूत ‘निश्चय तांबूलम्’. पुन्हा तेच: निश्चय आणि तांबूल, शब्द आणि पान.

आपल्याच जिल्ह्यांतल्या बंजारा तांड्यांत सगाईला गूळ खाण्याची रीत आहे. नायक आणि पंच बसतात, रीतीप्रमाणे बोलणं होतं आणि गूळ वाटला जातो. गूळ खाल्ला म्हणजे सोयरीक पक्की. ठाणे-पालघरच्या वारल्यांमध्ये तर लग्न लावणारीच बाई असते, तिला धवलेरी म्हणतात, आणि ती गाऊन लग्न लावते. विधीचं बोलणं पुरुषाचंच असतं असा कुणाचा समज असेल तर वारली पाड्यावर जाऊन यावं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला मादागास्करमध्ये याच कामाला ‘कबारी’ म्हणतात. मुलीला मागणी घालायला जाताना दोन्ही घरं आपापला वक्ता घेऊन जातात. म्हणी, उपमा आणि नम्रतेचे डाव टाकत दोघांचा सामना रंगतो. मुलाकडच्या वक्त्याचं चुकलं तर त्याच्या पक्षाला दंडही भरावा लागतो. युनेस्कोने २०२१ मध्ये कबारीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या मध्यस्थ मामांना कुणी यादीत घेतलेलं नाही, पण काम तेच.

माजघरातलं मौन

आता त्या रेघेकडे परत येऊ. आणि इथे मला ही रीत नुसती गोड करून सांगायची नाही.

बैठकीत सगळ्यांचा आवाज असतो, एक सोडून. जिचं लग्न ठरतंय, ती. मागणी तिला घालतात, पण उत्तर बाप देतो. वाङ्निश्चयाचा मंत्रही बापाच्या तोंडी: मी वाणीने कन्या दिली. सिंदखेडच्या गोष्टीतही जिजाऊ रंग उडवतात, बोलत मात्र नाहीत. काही जमातींत तर गरोदर बाईच्या पोटाला कुंकू लावून न जन्मलेल्या लेकरांची सोयरीक करायचे. तिथे विचारायचं तरी कुणाला?

म्हणून ती रेघ महत्त्वाची. शब्द म्हणजेच लग्न असं विज्ञानेश्वराने किंवा मुंबईच्या कोर्टाने ठरवलं असतं, तर बापाच्या एका वाक्यात पोरीची पुढची सगळी वर्षं अडकली असती. त्यांनी ती मुलीचा विचार करून आखली असं मी म्हणत नाही. पण बाहेर पडायची फट राहिली ती तिथेच.

बायकोचा आवाज विधीत आणण्याचं काम केलं जोतिराव फुल्यांनी. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय. जोतिरावांनी त्यासाठी मराठीत मंगलाष्टकं रचली आणि ती वधू-वरांच्या तोंडी घातली. वधू स्त्रियांच्या हक्काचं बोलते, वराला त्यावर वचन द्यावं लागतं. लक्षात घ्या, जोतिरावांनी विधी काढून टाकला नाही. लोकांसमोर मोठ्याने शब्द देण्यात ताकद आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फक्त बोलणारं माणूस बदललं. संस्कृतऐवजी सगळ्यांना कळणारी मराठी, आणि बापाऐवजी खुद्द मुलगी.

आपल्या शेजारच्या मुस्लिम घरांतला निकाह आठवा. तिथे वकील आणि साक्षीदार आत जाऊन नवरीला विचारतात, मेहेरची रक्कम सांगतात, आणि तिच्या तोंडून होकार घेतात. प्रत्यक्षात तिच्यावर दबाव नसतोच असं नाही. पण विचारायचं वाक्य रीतीत आहे. रीतीत वाक्य असलं की निदान ते टाळणाऱ्याला टाळल्याचं दिसतं.

आतल्या खोलीतली बोली

१ जुलै १९६१ ला हुंडा प्रतिबंधक कायदा लागू झाला. हुंडा देणं-घेणं गुन्हा, मागणं गुन्हा, आणि कलम ५ प्रमाणे हुंड्याचा करारच रद्दबातल. म्हणजे बैठकीतल्या बोलीतला एक मोठा भाग कायद्याने उडवला. फार बरं झालं. पण मग बैठकीच्या भाषेने काय केलं? ती आत गेली.

आता बाहेर मोठ्याने जे बोलतात ते असं: ‘‘आम्हाला काही नको. नारळ आणि मुलगी.’’ सगळे माना डोलावतात. मग दोघं-तिघं उठून आतल्या खोलीत जातात. बाहेर आले की एक वाक्य येतं: ‘‘फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या.’’ मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही या ‘चांगलं’चा अर्थ माहीत असतो. त्यात कार्यालय आहे, जेवण आहे, कधी गाडी आहे, कधी ‘मुलाच्या नोकरीसाठी थोडं’ आहे. आकडा आहे, फक्त तो ऐकायला सभा नाही.

आणि इथेच मला जुन्या रीतीची खरी किंमत कळते. बोली चांगली होती म्हणून नाही. ती सगळ्यांना ऐकू येत होती म्हणून. ढाळजेत आकडा बोलला गेला तर नंतर वाढवताना चारचौघांत तोंड दाखवावं लागे. आतल्या खोलीतल्या आकड्याला साक्षीदार नाही. तो लग्नाच्या आदल्या दिवशी वाढू शकतो, लग्नानंतर दोन वर्षांनी पुन्हा उगवू शकतो. आणि तो निभावायची वेळ आली की तो मुलीच्या अंगावर येतो, जी त्या खोलीत नव्हतीच.

मजा म्हणजे कायद्याने एक रीत उचललीसुद्धा. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि सही. आपल्याकडे ‘याद्या’ होतातच, हळदीकुंकवाची बोटं ओढून, वर कुलदैवताचं नाव घालून, बहुतेक घरांत तुळजाभवानीचं. ती यादी मंडळींसमोर वाचून दाखवतात. फक्त कायद्याला हवी ती यादी तुमच्या ओळखीतल्या किती लग्नांत झाली, ते आठवून बघा.

हल्ली ‘यादी पे शादी’ जोरात आहे. सकाळी बैठक, दुपारी यादी, संध्याकाळी अक्षता. खर्च वाचतो, कर्ज टळतं, मला ते आवडतं. पण शब्द आणि लग्न यांच्यामधली जी रेघ आपण बघितली, ती त्यात काही तासांची उरते. ‘विचार करून सांगते’ म्हणायला मुलीला जागा राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. जिथे वयच लपवायचं असतं, तिथे झटपट लग्न फार सोयीचं पडतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बैठका राहू द्या, मध्यस्थ राहू द्या, सुपारीही फुटू द्या. फक्त ‘‘कुणाचं काही राह्यलंय का?’’ हे वाक्य म्हणायच्या आधी मुलीला आणि मुलाला बाहेर बोलवा आणि त्या दोघांना, सगळ्यांसमोर नको वाटलं तर आधी एकेकट्याला, नीट विचारा. आपल्या रीतीत हे बसतं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत माझ्या नात्यातल्या दोन बैठकांत मुलीच्या आत्यानेच हा प्रश्न मध्ये टाकला. ‘‘पोरीला इच्यारलं का कुणी?’’ एका ठिकाणी पोरगी ‘हो’ म्हणाली. दुसऱ्या ठिकाणी ती म्हणाली, ‘‘मला बी.एड. पुरं करायचंय, मग.’’ थोडी चुळबुळ झाली, चहा परत फिरला, आणि त्या दिवशी सुपारी फुटली नाही. पाव्हणे रामराम घालून गेले. कुणाचंही नाक कापलं गेलं नाही.

तुमच्या घरात बैठका गाजवणारे कुणी मामा, आजोबा, आत्या असतील तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांची परवानगी घेऊन. सुरुवात कशी करतात, अडलेला विषय कसा सोडवतात, नकार कसा देतात. नकार देण्याची वाक्यं तर आवर्जून. ती पुढच्या कुणाच्या तरी कामी येतील.

पुढच्या भागात बोलू महजरावर. लिहिता न येणारा शेतकरी कागदावर नांगराची निशाणी काढून साक्ष कशी द्यायचा, त्याची गोष्ट. तोवर रामराम.